शक्तितस्तप आणि गोळीची वेळ



पर्युषण आले की आपल्यातल्या कितीतरी जणी औषधांनाही सुट्टी देतात. आमच्या तुळजापूरच्या घरात ते चालत नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंना मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. सकाळी बरे असते. दिवस कलला की पापणी खाली येते, एकाचे दोन दिसते, भाकरी चावताना जबडा थकतो. निदान सोलापूरला झाले. 1984 मध्ये अमिताभ बच्चन यांना हाच आजार झाला होता, त्यामुळे नाव तेवढे ऐकले होते.

यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. नसेचा निरोप स्नायू जिथे घेतो, ती जागाच ती निकामी करते. पायरिडोस्टिग्मिनची गोळी निरोप नेणारे रसायन जास्त वेळ टिकवते. अर्ध्या-पाऊण तासात ताकद येते, तीन-चार तासांत ओसरते. म्हणून आमच्याकडे आधी गोळी, मग ताट. मूळ आजार आवरायला स्टेरॉइड, अझाथायोप्रिन असतात. ती मनाने एकदम बंद करायची नसतात.

जाऊबाईंचा सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम माहेरपासूनचा. "गोळी सोडीन, नियम नाही," म्हणायच्या. शेवटी आर्यिका माताजींना विचारले. त्यांनी सोळाकारण भावना आठवायला सांगितल्या. तिथे त्याग आणि तप दोन्हींच्या आधी 'शक्तितः' आहे. शक्ती लपवायची नाही, आणि नसलेली ताणायचीही नाही.

आता रात्री गोळीपुरते उकळलेले पाणी, बाकी काही नाही. उपवासाऐवजी रसत्याग: रविवारी मीठ, शनिवारी तेल. डॉक्टरांनाही हे सांगून ठेवले आहे.

कुणाच्या घरी हा आजार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही अँटिबायोटिक्स आणि मॅग्नेशियमचे इंजेक्शन यांनी तो बळावू शकतो, म्हणून आजाराचे नाव लिहिलेला कागद पर्समध्ये हवाच. दातांच्या डॉक्टरांनाही तो दाखवा. श्वास लागला किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

यंदा उत्तम तपाच्या दिवशी मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय जाऊबाई वाचणार आहेत. आवाज शेवटपर्यंत टिकावा म्हणून गोळी अर्धा तास आधी घ्यायची, हे आम्ही आत्ताच ठरवले आहे.