यंत्राचा आवाज आणि माणसाचा आवाज

घरात सिनेमा पाहण्यासाठी टीव्हीला जोडलेला स्वतंत्र संगणक ठेवायचा, ही गोष्ट ऐकायला श्रीमंती थाटाची वाटते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कारकुनाला हे खूळ कशाला, असे आमच्या काही वाचक बंधू-भगिनींना वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

आमचे बाबा गिरणीत रिंगखात्यात होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, पण कानांत भरलेला घुमारा सुटला नाही. त्यांना बारीक, उंच स्वर ऐकू येत नाहीत. माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. त्यात मागे कसली घरघर असली तर सगळेच बुडते.

आई 2009 साली गेली. तिचे फोटो आहेत, पण आवाज एकाच ठिकाणी आहे, बहिणीच्या 1998 सालच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. ती कॅसेट खराब होऊ लागली, तेव्हा आम्ही तिची फाईल करून घेतली. वस्तीतल्या 14 एप्रिलच्या मिरवणुकांच्या, कार्यक्रमांच्या जुन्या चित्रफितीही गोळा केल्या. हे सगळे टीव्हीवर पाहता यावे म्हणून कचेरीतून भंगारात निघालेला एक संगणक विकत घेतला आणि लोखंडी कपाटावर चढवला.

लग्नाची फीत लावली की सगळे घर हसायचे आणि बाबा मात्र उठून गॅलरीत जाऊन बसायचे. आम्हाला वाटे, आईची आठवण त्यांना सहन होत नाही. तीन-चार वेळा असे झाले. शेवटी आम्ही विचारले. ते म्हणाले, "अरं, तुझं यंत्र रिंगखात्यावानी घुमतंय. तुझी आई काय बोलती ते मला न्हाई कळत. नुसतं तोंड हलताना बघून काय करू?"

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. समाजकार्याच्या नावाने आम्ही गावभर लोकांची गाऱ्हाणी ऐकत फिरतो आणि घरातल्या माणसाचे एक वाक्य ऐकायला आम्हाला काही महिने लागले.

पहिला उपाय केला तो टीव्हीचा आवाज वाढवण्याचा. शेजारचे तान्हे मूल उठले, बारावीला असलेल्या आमच्या मुलीने पुस्तक मिटले आणि बाबांना तरीही शब्द कळले नाहीत. तेव्हा लक्षात आले की, टीव्हीचा आवाज वाढवण्यापेक्षा यंत्राचा आवाज उतरवला पाहिजे.

आम्ही बी.कॉम. झालेले, त्यामुळे आधी हिशेब मांडला. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला लावले आणि दुसरे टोक यंत्राच्या एकेका भागाजवळ धरले. आवाज करणारे पाच निघाले. ग्राफिक्स कार्डाचा चिमुकला पंखा, प्रोसेसरचा पंखा, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा पंखा, फिरणारी हार्ड डिस्क आणि पाचवे म्हणजे खुद्द लोखंडी कपाट, जे डिस्कच्या थरथरीने ढोलासारखे घुमत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन सारख्या आवाजांपैकी एक बंद केला तर फक्त 3 डेसिबल उतरतात. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला मात्र साधारण 10 डेसिबल उतरावे लागतात. म्हणून पाचांपैकी एखादा भाग बदलून समाधान होत नाही. सर्वांत मोठ्या आवाजापासून सुरुवात करून खालपर्यंत यावे लागते.

मुळाशी जाता सगळ्यांचे कारण एकच निघाले, ते म्हणजे उष्णता. भाग तापतो म्हणून पंखा लागतो आणि पंखा लागतो म्हणून आवाज होतो. जो भाग तापतच नाही, तो गप्प बसतो.

2024 च्या दिवाळीच्या बोनसमधून आम्ही वीस हजार रुपये बाजूला काढले आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदार म्हणाला, "साहेब, होम थिएटर म्हणजे चांगलं ग्राफिक्स कार्ड पाहिजेच." आम्ही ते घेतले नाही. सिनेमाची फाईल दाबून लहान केलेली असते आणि दाखवताना ती उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरच्या मुख्य भागावर पडले तर तो घाम गाळतो. आजच्या साध्या प्रोसेसरमध्येही त्यासाठी वेगळा भाग असतो आणि तो हेच काम थोड्या विजेत करतो. वेगळे कार्ड हवे ते खेळ खेळणाऱ्यांना.

आम्ही इंटेलचा एन100 हा 2023 साली आलेला प्रोसेसर निवडला. नेहमीच्या डेस्कटॉपच्या पुष्कळशा प्रोसेसरांची उष्णतेची मर्यादा 65 वॅट असते, तर याची मूळ मर्यादा 6 वॅट आहे. तो मदरबोर्डवर बसवलेलाच येतो आणि त्यावर पंखा नसून नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. आम्ही घेतलेला मदरबोर्ड लॅपटॉपच्या चार्जरसारख्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, म्हणून एसएमपीएस आणि त्याचा पंखा हे दोन्ही गेले. रॅम 8 जीबी पुरते. संगणक चालू करण्यासाठी 256 जीबीची एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे आवाज करायलाही काही नसते.

फितींचा साठा मोठा, म्हणून त्यासाठी लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क घेतली. ती मिनिटाला 5400 वेळा फिरते. मोठ्या डेस्कटॉपच्या 7200 वाल्या डिस्कपेक्षा ती शांत असते. तिच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवले. स्पंजात मात्र गुंडाळू नये, कारण डिस्क तापते. सगळे यंत्र लोखंडी कपाटावरून उतरवून लाकडी फळीवर ठेवले, याला तर दमडीही लागली नाही.

पंखा अजिबात नको, असाही आमचा विचार होता. पण मे महिन्यात पत्र्याखालची आमची खोली भट्टीसारखी तापते. म्हणून 120 मिलिमीटरचा एकच मोठा पंखा कॅबिनेटला लावला आणि सेटिंगमध्ये त्याचा वेग उतरवला. मोठा पंखा सावकाश फिरूनही लहान, वेगवान पंख्याएवढी हवा देतो. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला की आवाज साधारण 15 डेसिबलने खाली येतो. तेवढे आम्हाला पुरले. दर महिन्याला ब्रशने धूळ काढतो, कारण जाळी तुंबली की पुन्हा उष्णता वाढते.

पाच स्पीकरांचा संचही घेतला नाही. एवढ्या खोलीत पाचवा स्पीकर चुलीवरच ठेवावा लागला असता. दोन साधे स्पीकर घेतले आणि बाबा बसतात त्या जागेकडे तोंड करून, त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवले.

संगणकात लिब्रईएलईसी ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. ती सुरू होताच कोडी नावाचा कार्यक्रम उघडतो आणि फोटो, गाणी, चित्रफिती समोर मांडतो. पूर्वी त्याचे नाव एक्सबीएमसी होते, 2014 साली ते बदलले. सिनेमाखालची अक्षरे त्यात मोठी करता येतात, ही सोय कमी ऐकू येणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्यांना फक्त महिन्याचे पैसे भरून इंटरनेटवरचे सिनेमे पाहायचे आहेत, त्यांनी या फंदात पडू नये. टीव्हीला मागून लावायची लहानशी स्टिक त्यापेक्षा स्वस्त असते आणि तीही आवाज करत नाही. शिवाय लिनक्सच्या प्रणालीवर काही सेवांचे चित्र पूर्ण स्पष्ट मिळत नाही. ज्यांच्याकडे घरच्या फितींचा, फोटोंचा साठा आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप आहे.

हिशेब वीस हजारांच्या आत बसला. दिवाळीनंतरच्या एका रात्री लग्नाची फीत लावली. यंत्र चालू आहे हे दिव्यावरूनच कळत होते. मुलगी खाली मान घालून अभ्यास करत होती. पंगतीचा प्रसंग आला. त्यात आई वाढता वाढता वळते आणि काहीतरी बोलते. इतक्या वर्षांत आम्हीही तिकडे कधी नीट कान दिला नव्हता. ती म्हणते, "अवं, तुमी बी बसा की आता. सकाळधरनं उपाशी हायसा."

बाबा उठले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मागं घे जरा." आम्ही मागे घेतले. त्यांनी ते तीन वेळा ऐकले. मग हलकेच म्हणाले, "मला हाक मारत हुती व्हय ती. आन् मी तवा बी ऐकलं न्हाई."

मोठ्या बंगल्यात यंत्राने आवाज केला तर माणूस दुसऱ्या खोलीत जातो. आपल्याला दुसरी खोली नाही. एकाच खोलीत कुणी शिकते, कुणी निजते, कुणी म्हातारपणी कान लावून बसते. तेव्हा घरात कोणतेही यंत्र आणताना त्याची किंमत जरूर विचारावी, पण ते दुकानात चालू करून त्याचा आवाजही ऐकावा आणि मगच घरी न्यावे.