पलीकडच्या जगात पिंपरी नाही

‘फ्रिंज’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वाचा अखेरचा भाग १२ मे २००९ रोजी प्रक्षेपित झाला. तोवर सुट्या वाटणाऱ्या गूढांना एकत्र बांधणारा हा भाग. एफबीआयची ओलिव्हिया डनम एका अनोळखी दालनात विल्यम बेल या शास्त्रज्ञासमोर उभी राहते. मग कॅमेरा खिडकीबाहेर मागे मागे सरकतो आणि कळते, की हे दालन न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधले आहे. २००१ मध्ये कोसळलेले दोन्ही मनोरे इथे शाबूत आहेत. म्हणजे हे जगच दुसरे.

या दृश्याची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र त्याच भागातली एक कबर अधिक महत्त्वाची वाटते. वॉल्टर बिशप आपल्या मुलाच्या थडग्यापाशी उभा असतो. त्यावर कोरले आहे : पीटर, १९७८–१९८५. आणि पीटर तर हयात आहे! याचा उलगडा पुढच्या पर्वात होतो. स्वतःचा मुलगा गमावलेल्या वॉल्टरने पलीकडच्या जगातला पीटर इकडे आणला आणि परत केला नाही. त्या ओलांडण्याने पलीकडचे जग विदीर्ण होत गेले.

मराठी वाचकाला समांतर जगाची ही कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले प्रा. गायतोंडे अशाच एका जगात पोहोचतात. तिथे विश्वासराव गोळीतून बचावले आहेत आणि १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये समाविष्ट झाले. त्यात जिजामाता एक्सप्रेस डेक्कन क्वीनपेक्षा वेगाने मुंबईकडे धावते, आणि पुण्याबाहेर औद्योगिक वसाहती नाहीत असा उल्लेख जाता जाता येतो. लगेच लोणावळा येते.

आम्ही राहतो ते नेमके या दोन वाक्यांच्या मधे.

चिंचवडला शिकवताना ही कथा मी वर्गात सांगतो. पानिपत जिंकल्याचे ऐकून मुले खूश होतात. मग त्या उल्लेखाकडे लक्ष वेधतो. फाळणी नाही, म्हणून सिंधी निर्वासितांचा पिंपरी कॅम्प नाही. १९५४ चा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना नाही, १९६२ ची एमआयडीसी नाही, भोसरी नाही, चाकण नाही. एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, म्हणजे माझे आई-वडील भेटलेच नसते.” तिचे वडील लातूरहून कंपनीत कामाला आलेले, आई खेडची. वर्गात कोणी हसले नाही.

इतिहासातली एखादी जखम पुसावी असे कोणाला वाटत नाही? फाळणीचे दुःख तर खरेच होते. पण त्या जखमेच्या कडेने नंतर माणसे राहायला आली, त्यांनी घरे बांधली, मुले वाढवली. जखम पुसायची तर ही माणसेही पुसावी लागतात. मनोरे पाहून हरखलेल्या प्रेक्षकाच्या हे लक्षात येत नाही. म्हणून त्या भागात कबर लागते.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा ही कथा पुन्हा वाचली. गायतोंडे त्या वैभवशाली जगातून परततात, तेव्हा त्यांच्यापाशी बखरीचे एक फाटके पान तेवढे असते. वॉल्टरने मूल आणले. पलीकडच्या जगाची ओढ दोघांनाही आहे. पण आपल्या गावाला परवडणारी ओढ गायतोंड्यांची आहे.