‘मार्ग’ म्हणजे कुठला, सर?

वडूजला माझा संगणकाचा क्लास आहे. मायणीहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने घरच्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाकली. हिरवी पट्टी टोकाला गेली, ‘सेटअप यशस्वी’ असं आलं, तिने ते आईलाही दाखवलं. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पायथन’ टाइप केलं, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “सर, आत्ता घेतलेलंच परत घ्यायला सांगतंय!”

चूक तिची नव्हती. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर ‘इन्स्टॉल नाऊ’ ठळक असतं आणि तळाशी बारीक चौकोन, ‘ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ’. तो मुळात रिकामा असतो, आणि तसाच राहिला तर पायथन बसतं, पण काळ्या खिडकीला सापडत नाही. गावात नवं बिऱ्हाड आलंय, पण स्टँडवरच्या पानपट्टीवाल्याला त्याचा पत्ता ठाऊक नाही, तसं होतं. चौकोन रिकामा ठेवण्यामागे कारण आहे म्हणा. मशीनवर आधीचं पायथन असेल तर नव्याने परस्पर पुढे घुसू नये. पण ज्याच्याकडे आधीचं काहीच नाही, त्यालाही तोच प्रश्न, तोही काही कळायच्या आधी.

दुरुस्तीला बसलो. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’, मग ‘नेक्स्ट’. तिथे तीच गोष्ट ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ या नावाने. एकाच माणसाचं शाळेत एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं! नवशिक्याने ओळखायचं कसं?

आठवी-नववीच्या मुलांना मी थॉनी देतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर पायथन पोटात घेऊनच येतं, पाथचा प्रश्नच नाही. पण कराडला, पुण्याला इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांची त्यातून सुटका नाही. त्यांच्यासाठी एक बॅच फाइल लिहिली. ती इन्स्टॉलरला ‘प्रीपेंडपाथ बरोबर एक’, म्हणजे तो चौकोन भरलेला धर, असं सांगून चालवते. आधी एक प्रश्न विचारते, छोट्या चौकटीत. पहिल्यांदा मी तिथे ‘पाथ’चं सरळ ‘मार्ग’ केलं होतं. मुलांनी विचारलं, “मार्ग म्हणजे कुठला, सर?” मराठी केलं म्हणजे सोपं झालं, हा माझा गैरसमज तिथेच संपला. आता तिथे लिहिलंय, ‘कोणत्याही फोल्डरमधून हाक मारली तरी पायथन यावं का?’ सगळे न विचारता ‘हो’ दाबतात.

काम झाल्यावर ही फाइल देते तो शेवटचा निरोपही मराठीत हवा होता. काळ्या खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन उमटले, म्हणून तो नोटपॅडमध्ये उघडतो. पायथन कुठे बसलं, सुरू कसं करायचं, काढायचं कसं, एवढंच त्यात होतं. मायणीच्या त्या मुलीचं मात्र सगळं करूनही चालेना. तिची काळी खिडकी सकाळपासून उघडीच होती, आणि उघडी खिडकी जुनाच पत्ता धरून बसते. त्या दिवसापासून निरोपात एक ओळ वाढली: ‘ही काळी खिडकी बंद करा, नवी उघडा.’