काळी चार

ढोलकी पेटीच्या काळी चारला लावली की काळी चारच्या बाईला षड्ज मिळतो, काळी एकच्या बुवांना पंचम आणि काळी दोनवाल्याला मध्यम. तिघांचं भागतं. पांढरी एकचा गायक आला की सगळं नासतं. शाईवरची प्रत्येक ‘ना’ त्याला कोमल धैवत होऊन टोचते. सध्या माझं डोकं याच एका माणसात अडकलंय आणि त्याला कारण माझा चेला.

पोरगा गोळीबारला राहतो, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करतो. एके दिवशी त्याने जमैकाचा ‘दिवाली’ ऐकवला. किंग्स्टनच्या स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनने बांधलेला, टाळ्यांवर पळणारा ठेका. २००२ मध्ये त्या एकाच ठेक्यावर अख्खा अल्बम निघाला, गाणं दर वेळी नवं आणि गळाही नवा. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ त्याच्यावरच, वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ही त्याच्यावरच. अशा ठेक्याला तिकडे रिडिम म्हणतात. “मास्तर, आपणही करू. ढोलकी तुमची, गायक मी आणतो.”

मी म्हटलं, यात नवं काय? भजनात पखवाज एकच असतो, अभंग म्हणणारे बदलत राहतात. पण तिथे पट्टी सगळ्यांना एकच. ज्याचा गळा पोचत नाही तो खालून म्हणतो, कोणी तक्रार करत नाही. शिवाय पखवाजी समोर बसलेला असतो. म्हणणाऱ्याने श्वास घेतला की त्याला कळतं. इथे मी आधी वाजवायचं, रिकाम्या खोलीत. कोण गाणार, कुठे थांबणार, ठाऊक नाही. तोडा टाकावा, तर नेमकी तिथेच कोणाची तरी तान असायची. म्हणून तोडे काढले. लग्ग्या काढल्या. उरला तो नुसता ठेका, आणि खरं सांगतो, तो ऐकून मला लाज वाटली. वाकोल्यात मला चार लोक ओळखतात ते तोड्यांमुळे.

जमैकावाल्यांना हे सोपं जात असावं. त्यांच्यातले बरेच जण अर्धं बोलतात, दोन-चार सुरांत काम भागवतात. आपल्या शक्ती-तुऱ्यातला शाहीर सवाल टाकताना असाच बोलण्याच्या काठावर असतो. त्यात यंत्राची सोय. १९८५ मध्ये किंग जॅमीने गाजवलेला ‘स्लेंग टेंग’ हा मुळात कॅसिओच्या छोट्या कीबोर्डातला तयार ठेका. तो बसवला होता ओकुदा हिरोको या कंपनीतल्या तरुण मुलीने. कीबोर्डाला पावसाळा बाधत नाही. माझी शाई जुलैत सकाळी लावावी तर दुपारी उतरलेली असते. नीट लागलीच, तर डोक्यावरून विमान जातं आणि टेक वाया. सांताक्रूझला राहून विमानावर रागावता येत नाही.

पांढरी एकवाल्यावर चेल्याचा उपाय साधा होता. कॉम्प्युटरवर ढोलकी अर्धा सूर खाली ओढायची. म्हणजे ती पांढरी पाचला येते, पांढरी एकचा पंचम. हिशोब बरोबर आहे, आवाज बरोबर नाही. ‘ना’ची धार जाते, धुमेचा घुमारा लोंबतो. “कोणाला कळणारे, मास्तर?” मला कळतं. मग पाना घ्या, बोल्ट सैल करा आणि परत वाजवा. तेही जमेल. पण मग तो दुसरा ठेका झाला, तीच थाप मला दोनदा पडत नाही. आता तर मनगट चौथ्या मिनिटाला जड होतं. तिसरा उपाय गायकाने अर्धा सूर वर यायचं. तो म्हणाला, माझी पट्टी पांढरी एक. मीही म्हणालो, माझी काळी चार. अर्ध्या सुरासाठी दोन म्हातारे अडून बसलेत आणि पोरगा मध्ये चहा आणतोय.

मंडपांतून वाजणाऱ्या विकतच्या लूपांवर मी खूप तोंडसुख घेतलंय. ऑक्टोपॅडवाल्यांवरही. सगळ्या गाण्यांना एकच थाप, असं म्हणायचो. आता तेच मी करतोय. फरक एवढाच की ती थाप माझी आहे, आणि मला तो फार मोठा फरक वाटतो. कालिन्याच्या लोककला अकादमीत शिकलेली पोरं स्वच्छ वाजवतात, हेवा वाटावा इतकं. पण गाणाऱ्याशिवाय नुसता ठेका पाच मिनिटं ऐकवत ठेवा म्हटलं, तर त्यांच्यातले किती टिकतील, मी टिकलोय का, याचा विचार रात्री करतो.

मी तयार झालो त्याचं खरं कारण वेगळंच. मी वाजवलेल्या कॅसेटींवर गायकाचा फोटो, गीतकाराचं नाव, कंपनीचा शिक्का. ढोलकीवाला कुठेच नाही. जमैकात ठेक्यालाच नाव असतं. १९७४ मध्ये रुपी एडवर्ड्सने एकाच ठेक्यावर सगळा अल्बम काढला तो ‘यामाहा स्कँक’. गायक विसरला तरी लोक ठेका नावाने मागतात. हे ऐकलं आणि मी त्याच रात्री शाई पुसून ठेवली.

चेल्याला नाव ‘वाकोला’ ठेवायचंय. मला माझं हवंय. पांढरी एकवाल्याचं गाणं तूर्त अल्बमात नाही. तो अर्धा सूर चढला तर बघू.