आग्रहाविना माया

माया दाखवायची आमच्या घरची रीत एकच, पानात वाढत राहायचं. ती रीत मोडायला मला शिकवलं नॉर्थ कॅरोलायनात शेजारी राहणाऱ्या जीवशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षिकेने. घरात आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. बाई आता नाहीत. त्यांचं बॉक्स टर्टल माझ्या परसात आहे.

हे पूर्व अमेरिकेतल्या पानझडी रानातलं छोटं कासव. पोटाखालच्या कवचाला बिजागरी असल्यामुळे भ्यालं की डबीसारखं घट्ट मिटतं. १९७९ पासून ते नॉर्थ कॅरोलायना राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी. बाईंकडचं कासव मात्र रानाला पारखं झालेलं होतं. पिल्लू असताना कुणीतरी उचलून वर्षानुवर्षं काचेच्या टाकीत ठेवलेलं. उन्हातल्या ज्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काच अडवते. मग खाल्लेलं कॅल्शियमही हाडांना लागत नाही. कवच वेडंवाकडं, चोच वाढलेली, अ जीवनसत्त्वाअभावी पापण्या सुजलेल्या, अशा अवस्थेत ते बाईंकडे आलं. इतकी वर्षं माणसांत राहिलेलं कासव सोडलं तर रानातल्या कासवांना रोग लागू शकतात, म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं.

त्यांनी परसात त्याला वाडा करून दिला. कुंपण जमिनीत खोल गाडलेलं, वर रॅकूनसाठी जाळी, अर्धं ऊन, अर्धी सावली, खाली ओलसर पालापाचोळा. खायला गांडुळं, गोगलगाई, रताळं, लाल भोपळा, कधी बेरी. चोच झिजावी आणि कॅल्शियमही मिळावं म्हणून कटलफिशचं हाड. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं तेच हे, असं मी सांगितल्यावर बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

बाईंच्या बागेत मदतीला जाता जाता मी कासवाचं वर्ष शिकले. एप्रिलमध्ये ते मातीतून वर आलं की आधी उथळ कोमट पाण्यात ठेवायचं, खाणं नंतर. उन्हाळ्यात खाणं सकाळी, कारण भर दुपारी ते चिखलात रुतून बसतं. कान फुगलाय का, नाकातून पाणी येतंय का, हे बघायचं आणि महिन्याला वजन लिहायचं.

खरी परीक्षा शरदात. थंडी पडू लागली की दोन-तीन आठवडे अन्न बंद, पाणी चालू. कासवाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. गारठ्यात पोटात राहिलेलं अन्न कुजतं आणि तेच त्याच्या जिवावर उठतं. ते माझ्या पायाशी येऊन मान उंचावायचं आणि माझा हात आपोआप गांडुळांच्या डब्याकडे जायचा. बाई नुसती मान हलवायच्या. आजारी किंवा वजन घटलेलं कासव मात्र त्या झोपू द्यायच्या नाहीत. त्याला घरात दिव्याखाली उबेत ठेवून हिवाळाभर खाऊ घालायचं. धडधाकट असेल तर ते स्वतःच माती उकरून आत जातं. वर पाल्याचा जाड ढीग घालायचा आणि आपण बाजूला व्हायचं. ४ ते १० अंशांच्या गारव्यात त्याची चरबी पुरवून पुरते. त्याहून जास्त ऊब झाली तर ती झोपेतच खर्ची पडते. ‘नीट असेल ना?’ म्हणून माती उकरून बघणं हा बाईंच्या लेखी स्वतःच्या मनाचा लाड होता.

मी त्यांना पुरणपोळ्या नेऊन द्यायची. त्या एक खायच्या आणि दुसरीला ठाम नकार द्यायच्या. तेवढ्याने देणं फिटलं असं मला कधी वाटलं नाही.

ते फेडायला संधी मिळते ती मे-जूनमध्ये, पावसानंतर, जेव्हा रानातली बॉक्स टर्टल रस्ता ओलांडतात. जन्मभर ती दोन-तीनशे मीटरच्या टापूत राहतात. चांगलं तळं बघून दूर नेऊन सोडली तर घर शोधत भटकतात. म्हणून मी मागची वाहतूक बघून गाडी कडेला घेते, कासव उचलते आणि तोंड जिकडे होतं त्याच बाजूच्या गवतात ठेवते. परवा सोबतची मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, निदान थोडं सफरचंद तरी दे त्याला!’’ मी बाईंसारखी मान हलवली आणि घरी आल्यावर, त्यांच्याच शिस्तीप्रमाणे, दोघींचे हात साबणाने धुवून घेतले. साल्मोनेला जंतूंच्या बाबतीत बाईंना कुणाचाच आग्रह चालत नसे.