घरी पडला

गाव आमचं ब्राह्मणपुरी. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. मोर्च्यात गावाचं नाव सांगितलं की पोरं हसतात. हसू द्या. त्या नावाशी आमचा संबंध रेशनकार्डापुरता.

बा सुरतेला बिगारी. दिवाळी झाली की निघायचा, आखाजीला यायचा. आला की माय आधी त्याचे पाय बघायची. सेंटरिंगच्या फळ्या काढल्या की खिळे वर तोंड करून पडलेले असतात आणि बाच्या पायात झिजलेली स्लिपर. "काय व्हयनं?" माय विचारायची. "काही नही व्हयनं, खिळा शे." बोटांच्या पेरांना भोकं. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल, कातडी खातं. माल कालवताना कळत नाही, रात्री आग होते. मान घमेल्यानं खाली बसलेली. एका डोळ्यात फरशीची कपची गेलेली, तो कायम लाल. असल्या जखमांना जखम म्हणतच नाहीत. माणूस वरून पडला तरच लोक गोळा होतात.

2014 साली बा पडला. बारावीची परीक्षा देऊन मीही त्याच्याबरोबर कामावर होतो. तिसरा मजला, बांबूची परांची, काथ्यानं बांधलेली. पट्टा नाही, जाळी नाही. बांबू सरकला. कंबर गेली.

दवाखान्याच्या दारात ठेकेदारानं मला बाजूला घेतलं. "घरी पडला सांग. नाहीतर पोलीस केस होईल, मग बिल तूच भर." मी सांगितलं. डॉक्टरनं लिहिलं. ठेकेदारानं बिल भरलं आणि मी त्याच्या पाया पडलो. हो, पडलो.

साथींनो, बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, हे मी जयंतीच्या भाषणात घडाघडा सांगायचो. आणि 1923 चा भरपाईचा कायदा मला माहीत नव्हता! कामावर लागलं एवढं दाखवलं की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. दवाखान्याचा खर्चही 2009 च्या दुरुस्तीनं मालकावरच होता. म्हणजे ज्या उपकारासाठी मी पाया पडलो तो बाचा हक्क होता. दाव्याची मुदत दोन वर्षं. मला हे कळलं तिसऱ्या वर्षी, एका शिबिरात, चहा पिता पिता.

बांधकाम मजुरांसाठी 1996 साली वेगळा कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. महाराष्ट्रात 2011 साली मंडळ आलं. नोंदणीला मागच्या वर्षातल्या 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. बानं आयुष्य सुरतेत घातलं, इकडच्या दप्तरात त्याचा एक दिवस नाही. मुकादमाला फोन केला तर म्हणतो, कोण तू?

केसपेपर पत्र्याच्या पेटीत आहे. 'घरी पडला.' ते मी सांगितलेलं.

या दिवाळीनंतर धाकटा निघालाय, त्याच सुरतेला. मी त्याला म्हटलं, काही झालं तर आधी 'कामावर पडलो' असं लिहून घे, बिल नंतर बघू. तो हसला. बा खाटेवर होता, तो हसला नाही. म्हणाला, "त्याले पट्टा बी मांगाले सांग."