दयाराचं गवत

‘हुल्लुगावलु’ हा शब्द मला आईकडून मिळाला. तिचं माहेर धारवाडकडचं. मराठीत आपण कुरण म्हणतो, गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात. उत्तरकाशी जिल्ह्यातलं दयारा बुग्याल मी पहिल्यांदा पाहिलं ते मे २०१४ मध्ये, बेळगावच्या मित्रांबरोबर. दहा-बारा हजार फुटांवर झाडं संपतात आणि सुमारे २८ चौरस किलोमीटर नुसतं गवत पसरतं. समोर बर्फाची शिखरं! आम्ही दोन रात्री तिथंच तंबू ठोकले. पाणी आत शिरू नये म्हणून भोवती वीतभर चर खणले आणि निघताना ते तसेच सोडून आलो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलीला घेऊन परत गेलो. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली होती, म्हणून या वेळी मुक्काम खाली रैथल गावात. पहाटे निघून जंगलातून वर पोचलो, तर वाटाड्यानं आधी शिखरं न दाखवता एक घळ दाखवली. हिरव्या शालीला उभी फाटल्यासारखी.

“हे कशानं झालं, भाईजी?” मुलीनं विचारलं.

“फार गुरं, खेचरं आणि फार पावलं. गवताची साल एकदा निघाली की पाणी माती घेऊनच जातं.”

आपल्या खानापूरकडची माळरानं पहिल्या पावसात आठ-दहा दिवसांत हिरवी होतात. इथं तसं नाही. माती पातळ, कित्येक महिने बर्फ, गवताला वाढायला मिळतात जेमतेम चार महिने. जखम भरायला वर्षानुवर्षं लागतात.

वनखात्यानं २०१९ पासून इथं डागडुजी केली. घळीत चीड झाडाच्या वाळक्या सुयांचे आडवे बांध घातले. खाली जंगलात याच सुया वणवा पेटवतात, इथं त्या माती अडवतात. उघड्या उतारावर नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आणि बांबूच्या खुंट्यांनी पक्क्या केल्या. जिथं नारळ दिसणार नाही, तिथं काथ्या पाहून आम्हा दोघांना गंमत वाटली. जाळी माती आणि ओल धरून ठेवते. काही वर्षांत ती कुजून जाते, तोवर मुळांनी जमीन धरलेली असावी, एवढाच हिशेब.

पण गवत इथलंच हवं. खालच्या खोऱ्यातलं बी उगवलं तरी हिवाळ्यात टिकेल याची खात्री नसते, आणि टिकलंच तर इथल्या गवताला हटवायची भीती. इथलं बी पावसाळा सरताना पिकतं. ते आसपासच्याच उतारावरून गोळा करायचं आणि बर्फ पडायच्या आत पेरायचं. अशा पुष्कळ बियांना गारठा सोसल्याशिवाय कोंब फुटत नाही. आजी भाताचं बी कणगीत जपायची. या बियांची कणगी म्हणजे बर्फ.

रैथलचे लोक दरवर्षी ऑगस्टच्या मध्याला इथं अंढूडी उत्सव करतात. उन्हाळाभर गुरं या गवतावर पोसली जातात, म्हणून दूध-लोणी आधी देवाला, मग लोण्या-ताकाची होळी. आपल्या गोपाळकाल्याची आठवण यावी असा सण. खाल्ल्या गवताचे उपकार माननारी ही माणसं. आम्ही मात्र दोन रात्री राहून फोटो तेवढे घेऊन आलो होतो.

“बाबा, तुमचा तंबू कुठं होता?”

मी एका सपाटीकडे बोट दाखवलं. तिथं गुडघाभर खोल एक खाच उताराकडे गेली होती. ती आमच्याच चराची की आणखी कुणाच्या, सांगता येणार नाही. पण ‘आमची नव्हे’ असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

खाचेच्या कडेला, काथ्याच्या उरल्यासुरल्या धाग्यांतून गवताचे बोटभर झुबके वर आले होते. मुलगी वाकली, पण हात लावला नाही. परतताना ती मळलेल्या पायवाटेवरून जराही ढळली नाही. मी तिच्या मागून, तिच्याच पावलांवर पाय ठेवत उतरलो.